वसईचें लांकूड

वसईच्या किल्ल्यांत जाणारा मनुष्य प्रथम दगड पाहतो. तटाचे आणि बुरुजांचे दगड, ख्रिस्ती देवळांच्या मोडक्या कमानी, जमिनींत बसविलेल्या थडग्यांवरचीं पोर्तुगीज अक्षरें, हें सारें पाहून तो परत फिरतो. परंतु त्याच भिंतींकडे जरा मान वर करून पाहिलें, तर मधल्या उंचीवर एका रांगेंत चौकोनी भोकें दिसतात. तीं तुळयांचीं घरें होत. त्यांत एके काळीं जाड तुळयांचीं टोकें बसविलेलीं होतीं, तुळयांवर तक्तपोशी होती आणि तिच्याही वर छप्पर होतें. आज भिंती उभ्या आहेत. तुळया गेल्या आणि छप्परही गेलें.

दगड टिकतो व लांकूड कुजतें. म्हणून इतिहासही बहुधा दगडाच्या बाजूनें लिहिला जातो. वसईचा इतिहास म्हटला म्हणजे १५३४ सालचा तह, १७३९ सालचा वेढा, चिमाजीअप्पांचा पराक्रम आणि १८०२ सालीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं केलेला करार, एवढ्या गोष्टी सांगितल्या जातात. त्या खऱ्या आहेत व सांगितल्याही पाहिजेत. पण या लहानशा किनाऱ्यावर इतक्या सत्तांनीं डोळा कां ठेवला, असा प्रश्न केला तर त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग किल्ल्यांत सांपडत नाहीं. तो पूर्वेकडील डोंगरांत, तेथील रानांत आणि त्या रानावर कुऱ्हाड चालविणाऱ्या माणसांच्या हातांत आहे. या भागाचें स्मरण कोठें व कसें ठेवावें, हाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम भूमीची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. वसईच्या दक्षिणेस उल्हास नदीची खाडी आहे, उत्तरेस वैतरणेचें मुख आहे, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराची डोंगररांग. वैतरणा ही त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावून मोखाडा, वाडा, मनोर या बाजूनें खालीं येते. पिंजाळ, देहर्जा, सूर्या, तानसा या नद्या तिला मिळतात आणि अर्नाळ्याच्या बेटाजवळ ती समुद्रास मिळते. तिच्या खाडींत भरतीचें पाणी थेट मनोरच्या बाजूपर्यंत चढतें. याचा अर्थ असा कीं, घाटाच्या पायथ्याचें रान आणि समुद्र यांच्यामध्यें निसर्गानेंच एक वाहता रस्ता आंखून ठेविला होता. गाडीवाटेनें जें ओझें आठ दिवसांत हाललें नसतें, तें ओहोटीच्या पाण्यावर पडावांतून अल्प काळांत बंदराला येई.

या रानांत साग होता, आणि सागाच्या जोडीला ऐन, शिसव, हेद, कळंब, बिबळा, धावडा, तिवस, खैर हीं झाडें होतीं. प्रत्येकाचा उपयोग निराळा. साग जहाजाला व घराला, कारण त्याच्या अंगच्या तेलामुळें त्याला कीड सहसा लागत नाहीं व खाऱ्या पाण्यांतही तो टिकतो. ऐन वांशाला व खांबाला, तिवस नांगराला व गाडीला, शिसव कोरीव सामानाला. खैराच्या गाभ्यापासून कात होतो, आणि तो कात काढणारे ते कातकरी, असें त्या जमातीच्या नांवाचें मूळ सांगतात. एका झाडावरून एका जमातीला नांव पडावें, यांतच रान आणि माणूस यांचा येथील संबंध किती जुना आहे तें दिसतें.

लांकडाच्या व्यापाराची पहिली कथा नालासोपाऱ्याची आहे. प्राचीन शूर्पारक तें हेंच. दिव्यावदान या बौद्ध ग्रंथांत पूर्ण नांवाच्या सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याची गोष्ट आहे. पूर्णाला एकदां लांकडाची मोळी घेऊन जाणारा एक मनुष्य भेटला. तो थंडीनें कांपत होता. पूर्णानें ओळखलें कीं, या मोळींत गोशीर्ष चंदन असलें पाहिजे, कारण तें अंगाला लागलें म्हणजे शीतलता येते. त्यानें ती मोळी विकत घेतली आणि तेथून त्याच्या वैभवाला आरंभ झाला. पुढें त्याच्याच सांगण्यावरून चंदनाचा प्रासाद उभारून बुद्धाला सोपाऱ्यास बोलाविण्यांत आलें, असें ती कथा सांगते. कथेचें ऐतिहासिक मोल कांहींही असो. तींत एक गोष्ट मात्र मनांत राहते. मोळी वाहणाऱ्याला आपल्या डोक्यावर काय आहे तें ठाऊक नव्हतें, तें घेणाऱ्याला ठाऊक होतें. आणि ग्रंथांत नांव राहिलें तें घेणाऱ्याचें. वाहणाऱ्याला नांव नाहीं.

याच सोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं उकरला. त्यापूर्वीं तेथल्या टेकाडाला लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. बुरुड म्हणजे बांबूच्या टोपल्या विणणारा. आंत बुद्धाच्या स्मृतीचा करंडक सांपडला, पण लोकांच्या तोंडीं राजा होता तो बांबूचें काम करणारा. लोकस्मृति कोणाला राजा करील तें सांगतां येत नाहीं, आणि येथें तिनें केलेली निवड विचार करण्याजोगी आहे.

ग्रीक भाषेंत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकांतल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकांत सोपाऱ्याचें नांव आहे. भडोच बंदराहून इराणी आखाताच्या बाजूस तांबें, चंदन, सागाच्या तुळया आणि शिसवीचे व अबनूसाचे ओंडके जात, असेंही त्यांत लिहिलें आहे. पुढें सहाव्या शतकांत कॉसमस नांवाच्या प्रवाशानें कल्याण बंदराच्या निर्यातींत तांब्याबरोबर काळ्या लांकडाच्या ओंडक्यांचा उल्लेख केला आहे. ज्या वाळवंटी देशांत झाडच नाहीं तेथें पश्चिम हिंदुस्थानचा साग सोन्यासारखा विकला जात होता. वसईच्या दोन्ही खाड्यांवरून त्या काळीं किती माल गेला याचा हिशेब कोणाजवळ नाहीं. पण कल्याण एका हाताला व सोपारा दुसऱ्या हाताला असतां मधलें रान अस्पर्श राहिलें असेल असें मानण्यास जागा नाहीं.

मध्ययुगांत आगाशीचें नांव पुढें येतें. अर्नाळ्याच्या बाजूचें हें गांव आज केळीच्या बागा व सुकेळी यांसाठीं प्रसिद्ध आहे. त्या काळीं तें लांकडासाठीं व जहाजांच्या बांधणीसाठीं प्रसिद्ध होतें. पोर्तुगीजांनीं १५३० व १५३१ अशीं लागोपाठ दोन वर्षें आगाशीवर हल्ला करून तें जाळलें व लुटलें. जेथें जहाजें बांधलीं जातात तें गांव आधीं मोडावें, हा आरमारी राजनीतीचा साधा नियम होय. त्यानंतर थोड्याच काळांत, २३ डिसेंबर १५३४ रोजीं, गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई व तिच्या ताब्यांतला मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला.

पोर्तुगीजांनीं वसईला आपल्या उत्तर प्रांताचें मुख्य ठिकाण केलें. त्यांचें राज्य समुद्रावरचें. समुद्रावरच्या राज्याला जहाज हवें, जहाजाला साग हवा, आणि तो वसईच्या पाठीमागें उभा होता. येथील लांकूड गोव्याच्या गोदीस जात असे व वसईसही जहाजें बांधलीं जात. मनोरच्या बाजूचा अशेरीचा डोंगरी किल्ला पोर्तुगीजांनीं इतक्या निकरानें कां राखिला, हें केवळ लष्करी दृष्टीनें पाहिल्यास पुरतें उमगत नाहीं. भोंवतालचें सागाचें रान आणि त्यांतून खाडीकडे उतरणारी वाट ध्यानांत घेतली म्हणजे त्याचा अर्थ लागतो. अशेरी हा लांकडाच्या कोठाराचा पहारेकरी होता.

१७३७ सालीं मराठ्यांची मोहीम सुरू झाली. त्या वर्षीं त्यांनीं अर्नाळ्याचें बेट घेऊन तेथें नवा किल्ला बांधला. त्याच्या दरवाज्यावरील शिलालेखांत बाजीरावाचें नांव आहे. वैतरणेच्या मुखावर ज्याचा किल्ला, त्याच्या परवानगीवांचून रानांतलें लांकूड समुद्रांत उतरत नाहीं, हें उघड आहे. मे १७३९ मध्यें वसई पडली. विजयानंतर तेथील ख्रिस्ती देवळांतल्या घंटा ठिकठिकाणच्या देवस्थानांना गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच म्हणून प्रसिद्ध असून तिच्यावर १७२१ हें साल आहे. घंटांचा पुढचा प्रवास लोकांना ठाऊक आहे, कारण त्या वाजतात व आपली आठवण करून देतात. तुळया कोणत्या वाड्याला लागल्या, कोणत्या चुलींत गेल्या, तें सांगायला त्यांना आवाज नाहीं.

त्याच सुमारास मुंबईस दुसरा एक गिऱ्हाईक उदयास आला. १७३६ सालीं लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेहून मुंबईस आले आणि कंपनी सरकारच्या गोदीचे मुख्य सुतार झाले. त्यांच्या घराण्यानें पिढ्यानपिढ्या बांधलेल्या जहाजांनीं मुंबईचें नांव जगभर केलें. ओक लांकडाच्या जहाजांहून सागाचें जहाज अधिक टिकतें, ही गोष्ट इंग्रजांच्या आरमारानें मान्य केली ती या गोदीमुळें. त्यांतलें एक जहाज आजही पाण्यावर आहे. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं १८१७ सालीं मुंबईस बांधलेलें ‘त्रिंकोमाली’ हें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें संग्रहालय म्हणून जपून ठेविलें आहे. त्याच्या बांधणीचा साग मुख्यतः मलबारचा होता, वसईचा नव्हे. पण गोदीची भूक एका प्रांतानें भागणारी नव्हती, आणि मुंबई शहर वाढूं लागलें तसें उत्तर कोंकणचें रान त्याच्या घरांसाठीं, नावांसाठीं व चुलींसाठीं खालीं येऊं लागलें.

रान संपत चाललें हें सरकारच्या ध्यानीं आलें तेव्हां कायदा आला. १८४७ सालीं डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे मुंबई इलाख्याचे जंगलांचे पहिले मुख्य अधिकारी झाले. १८६५ सालीं हिंदुस्थानचा पहिला जंगल कायदा झाला व १८७८ सालीं त्याहून कडक असा दुसरा. याच सुमारास आगगाडीही आली. बडोदें लाईनचा मार्ग १८६४ सालीं मुंबईस पोंचला आणि १८६७ सालीं विरारहून मुंबईकडे रोजची गाडी सुरू झाली. जें लांकूड पूर्वीं खाडीनें जाई त्याला आतां रुळांची वाट मिळाली. रुळांखालीं घालण्यासही लांकूडच लागे, हें वेगळें सांगावयास नको.

कायद्याचा हेतु रान राखण्याचा होता, आणि रान राखलें पाहिजे याविषयीं शहाण्या मनुष्याला शंका नसावी. पण तें कोणापासून राखावयाचें, या प्रश्नावर ठाणें जिल्ह्यांत मोठा कलह माजला. येथील भातशेतीला राब लागतो. पावसापूर्वीं झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत व शेण हीं भाताच्या रोपाच्या वाफ्यावर पसरून जाळतात; त्या राखेंत बीं पेरलें म्हणजे रोप जोमदार येतें. त्यासाठीं झाड तोडावें लागत नाहीं, त्याचे टाहळ तोडावे लागतात. पिढ्यानपिढ्या चालत आलेली ही वहिवाट कायद्यानें एकाएकीं गुन्हा ठरूं लागली. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत जंगलखात्यानें गरीब शेतकऱ्याचें रान व गुरचराई कशी हिरावून घेतली याविषयीं तळमळीनें लिहिलें आहे. ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या कीं १८८५ सालीं सरकारला त्यांच्या चौकशीसाठीं कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं प्रसिद्ध झाला.

पुढील काळांत तोडीचें काम कूप-पद्धतीनें होऊं लागलें. रानाचे तुकडे पाडावयाचे, दर वर्षीं एक तुकडा लिलावानें ठेकेदाराला द्यावयाचा, आणि कांहीं दशकांनीं पुन्हां पहिल्या तुकड्यावर यावयाचें, असा तो क्रम. राखावयाच्या झाडांवर खूण करावयाची, बाकीचीं जमिनीलगत तोडावयाचीं, म्हणजे बुंध्यापासून नवे धुमारे फुटतात. पावसाळा सरला कीं तोड सुरू होई व ती उन्हाळ्यापर्यंत चाले. तोडलेल्या मालाचे सोट, वांसे, ओंडके व जळाऊ लांकूड असे वेगवेगळे थप्पे लागत. हलक्या लांकडाचा कोळसा पाडीत. प्रत्येक ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का उमटे, प्रत्येक गाडीबरोबर परवाना असे. ओंडका कोणाचा, कोठचा, किती घनफूट, याची नोंद ठेवणारी ही व्यवस्था मोठी चोख होती. तो कोणीं तोडला याची नोंद मात्र तींत फारशी नसे.

तोडणारे होते ते वारली, मल्हार कोळी, कातकरी, ठाकूर. १९३९ सालीं डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्यानें मुंबई इलाख्यांतल्या आदिवासींच्या स्थितीवर अहवाल लिहिला, त्यांत जमीनदार व सावकार त्यांच्याकडून वेठ कशी घेतात आणि ठेकेदारांच्या हाताखालीं त्यांची काय गत होते तें नमूद आहे. लग्नासाठीं थोडें कर्ज घेतलें म्हणून जन्मभर धन्याकडे राबणारा मनुष्य ‘लग्नगडी’ म्हणून ओळखला जाई. ज्या सागाच्या मंचकावर शहरांतला गृहस्थ सुखानें निजत होता, तो साग असल्या हातांनीं तोडलेला होता.

या अवस्थेला पहिला मोठा धक्का १९४५ सालीं बसला. मे महिन्यांत उंबरगांव तालुक्यांतील झरी येथें किसान सभेच्या परिषदेंत गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या पुढाकारानें वारल्यांनीं वेठ नाकारली. पांचशें पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी, ही त्यांची मागणी होती. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत तलवाडा येथें जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत जेठ्या गांगड व त्याचे साथी मरण पावले. पुढील वर्षीं, १९४६ मध्यें, संप पसरला तो थेट कुपांत. झाडें तोडण्याला रोजीं निदान सव्वा रुपया मिळालाच पाहिजे, असें तोडणाऱ्यांनीं सांगितलें, आणि रानांत कुऱ्हाडी थांबल्या. मुंबईची वखार मोठी, ठेकेदाराचा पैसा मोठा. पण रानांत हात हालला नाहीं तर ओंडका हालत नाहीं, ही गोष्ट त्या हंगामांत प्रथमच सर्वांना कळून चुकली. अखेर लांकडाच्या व्यापाऱ्यांना हा दर मान्य करावा लागला.

बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळांत, १९४७ च्या सुमारास, ठेकेदाराला बाजूस सारून तोडणाऱ्यांच्याच सहकारी संस्थांना कूप देण्याचा उपक्रम सुरू झाला. जंगल कामगार सहकारी संस्था त्या याच. त्यांतल्या कांहीं उत्तम चालल्या, कांहीं पुन्हां चतुर मध्यस्थांच्या हातीं गेल्या. परंतु लांकडाच्या व्यवहाराच्या वहींत तोडणाऱ्याचें नांव ‘सभासद’ म्हणून लिहिलें गेलें, हें लहान काम नव्हे.

या घडामोडी मुख्यतः डहाणू, उंबरगांव, पालघर या बाजूच्या. वसईचा त्यांच्याशीं संबंध काय, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर वसई तालुक्याच्याच पूर्व भागांत आहे. कायद्यानें वेठबिगारी १९७६ सालीं बंद झाली होती. तरीही १९८२ सालीं याच तालुक्यांत श्रमजीवी संघटना स्थापन करून वेठबिगारांच्या मुक्ततेसाठीं लढा द्यावा लागला. महामार्गाच्या पश्चिमेस नारळीकेळीच्या वाड्या आणि आगगाडीचें शहर, तर पूर्वेस डोंगराच्या पायथ्याचे पाडे. या दोहोंतलें अंतर थोड्या कोसांचें, पण जगणें फार वेगळें.

आज वसईच्या रानांत पूर्वींसारखी तोड होत नाहीं. तुंगारेश्वरचें रान २००३ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झालें. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ सालीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. कौलारू घरें जाऊन त्यांच्या जागीं इमारती आल्या. सागाचे खांब, पाट्या, कोरीव दारें हीं जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे गेलीं. कोळ्यांच्या नावांनाही लांकडाऐवजीं दुसरे पदार्थ लागूं लागले. कुपांत काम केलेली पिढी थकत चालली आहे. कोणतें झाड कोणत्या बाजूला पाडावें, घाव किती तिरपा घालावा, पडतां पडतां झाड कसा आवाज करतें व त्यावरून कोणीकडे पळावें, हें ज्ञान पुस्तकांत उतरलेलें नाहीं. तें ज्यांच्यापाशीं आहे त्यांच्याबरोबर तें जाणार.

लांकडाच्या इतिहासाचीं संग्रहालयें जगांत नाहींत असें नव्हे. केरळांत निलंबूर येथें १९९५ सालापासून सागाचें एक संग्रहालय आहे. त्याच गांवीं एकोणिसाव्या शतकाच्या पांचव्या दशकांत कलेक्टर कॉनोली यांच्या आज्ञेवरून चातु मेनन यांनीं लावलेल्या सागाच्या बागेचा भाग अद्याप उभा आहे. देहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत लांकडाच्या असंख्य जाती मांडून ठेविल्या आहेत. हार्टलपूलच्या जहाजाचा उल्लेख वर आलाच आहे. हीं सर्व स्थळें आदरास पात्र आहेत. पण त्यांत अधिक करून काय राखलें गेलें? राखलें गेलें तें लांकूड, लावणारा अधिकारी आणि बांधणारा कारागीर. तोडणाऱ्याचा वांटा अशा ठिकाणीं फार थोडा येतो.

हा वांटा राखण्याचें काम मोठ्या सरकारी संग्रहालयापेक्षां एखाद्या गांवचें लहान संग्रहालय अधिक चांगलें करील. त्याला मोठी इमारत नको. पाड्याजवळच्या शाळेची एक खोली पुरे. त्यांत काय असावें तें सांगणें कठीण नाहीं. पाडलेल्या घराचा एक सागाचा खांब, त्यावरच्या सुताराच्या खुणांसह. ऐन, हेद, कळंब, तिवस, खैर यांचे आडवे छेद, ज्यांवर वर्षांचीं कडीं मोजतां येतील. कुऱ्हाड, कोयता, दोघांनीं ओढावयाची करवत. शिक्क्याचा हातोडा व जुना परवाना. राब म्हणजे काय, हें दाखविणारें एक चित्र, आणि तें वारली चितारणाऱ्या हातानेंच काढलेलें. वैतरणेचा एक नकाशा, ज्यावर मनोरपासून अर्नाळ्यापर्यंतची लांकडाची वाट दाखविली असेल. एका बाजूस १९४६ सालचा सव्वा रुपया, काचेखालीं, कारण तो एक दर नसून एक निर्णय होता.

आणि या सर्वांहून महत्त्वाची अशी एक वही. त्या वहींत पाड्यांतल्या वृद्ध स्त्रीपुरुषांनीं सांगितलेलें त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावें: कोणत्या कुपांत कोणत्या सालीं काम केलें, मुकादम कोण, मजुरी किती, दुपारीं काय खाल्लें, कोण जायबंदी झाला. स्त्रियांचें सांगणें वेगळें लिहावें. कारण मोळ्या, गवत व कोळसा यांचें ओझें बहुतेक त्यांच्याच डोक्यावर होतें, आणि त्यांना कोणीं फारसें विचारलेलें नाहीं. हें काम करण्यास पदवी लागत नाहीं. शाळेंतल्या वरच्या वर्गाच्या मुलांनीं एका उन्हाळ्याच्या सुटींत मन घातलें तर त्यांतलें पुष्कळसें होईल. जिचा आजा तोडीला गेला होता त्या मुलीनें तें लिहावें, यासारखें दुसरें शिक्षण नाहीं.

असल्या प्रयत्नावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, रान तोडल्याचा इतिहास कशाला मिरवावा? परंतु स्मरण म्हणजे मिरवणूक नव्हे. रान कसें गेलें, कोणाच्या गरजेसाठीं गेलें आणि दोष कोणाच्या माथीं मारला गेला, हें ज्याला ठाऊक आहे तोच उरलेल्या रानाची राखण न्यायानें करील. राबासाठीं टाहळ तोडणाऱ्याला चोर म्हणावयाचें आणि गोदीसाठीं अख्खें रान नेणाऱ्याला राष्ट्राचा शिल्पकार म्हणावयाचें, ही चूक एकदां झाली आहे. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचें आपल्या प्रस्तावनेंतच मान्य केलें. कायद्यानें जें मान्य केलें तें गांवानें दाखवूं नये, याला कारण नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, वसईला किल्ला आहे, सोपाऱ्याचा स्तूप आहे. मग या मोडक्यातोडक्या वस्तूंचा संग्रह कोण पाहील? त्याचें उत्तर किल्ल्यांतच आहे. तेथें जाणाऱ्या मुलांपैकीं एखादें तरी त्या भिंतींतल्या चौकोनी भोकांकडे बोट दाखवून विचारतें कीं, येथें काय होतें? येथें तुळई होती, एवढें सांगतां येतें. ती कोणत्या झाडाची, तें झाड कोणत्या डोंगरावर वाढतें, तें कोणत्या नदीनें खालीं येई, हेंही सांगतां येईल. परंतु मुलाचा पुढचा प्रश्न साधा असतो: ती तोडली कोणीं? सोळाव्या शतकांतल्या त्या माणसाचें नांव आतां मिळणार नाहीं. विसाव्या शतकांतल्या माणसाचें अजून मिळेल; तो किल्ल्यापासून फार लांब राहत नाहीं. त्याच्या अंगणांत जाऊन त्याला विचारावें लागेल, आणि तें लवकर विचारावें लागेल.